‘मानले जाईल’ : संगणकी वर्गनियमांची एक चिकित्सा

‘वर्ग’ हा शब्द आपल्या चळवळीला नवा नाही. शाळेच्या वर्गाबाहेर बसून शिकलेल्यांची आपण मुले-नातवंडे. पुढे सरकारी कागदाने आपल्याला ‘मागासवर्ग’ केले. त्यानंतर वर्ग आधी की जात आधी हा वाद मार्क्सवादी मित्रांशी झाला. तो मिटला असे कोणी म्हणणार नाही. आता हाच शब्द चौथ्या दाराने आत येतो आहे. आपली शिकलेली मुले माहितीच्या नोंदी यंत्राला उमगतील अशा भाषेत मांडण्याचे काम करू लागली आहेत. त्या कामात वर्ग ठरवावे लागतात आणि वर्गांचे नियम लिहावे लागतात. या देशात नियम कोणी लिहिले आणि ते कोणावर लादले गेले, हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून ठाऊक आहे, त्यांनी या नव्या नियमलेखनाकडे निव्वळ तंत्र म्हणून पाहू नये असे माझे मत आहे. साहित्याच्या नियतकालिकात हा विषय कशाला, असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगतो, की नियम हाही एक मजकूरच असतो आणि मजकुराची चिकित्सा करणे हे समीक्षेचे कामच आहे.

आधी विषय नीट समजून घेऊ. टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांनी २००१ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये सिमँटिक वेबची कल्पना मांडली. माणसाने वाचायची पाने पुष्कळ झाली, आता यंत्रालाही अर्थ लागेल अशी विधाने लिहू, असा तिचा गाभा. ही विधाने तीन पदांची असतात: कोण, कोणता संबंध, कोणाशी. ‘रमा – आई – भीमा’ एवढे एक विधान. या पद्धतीला आरडीएफ म्हणतात. अशा विधानांत कोणते वर्ग येतात, कोणता वर्ग कोणाच्या पोटात, कोणते संबंध कोणामध्ये असू शकतात, याची जी मांडणी केली जाते तिला ऑन्टॉलॉजी म्हणतात. मूळ शब्द तत्त्वज्ञानातला. मराठी परिभाषेत आपण त्याला ‘सत्ताशास्त्र’ म्हणतो. सत्ता म्हणजे असणे. पण मराठी माणसाला सत्ता म्हणताच जे आठवते तेही इथे गैरलागू नाही, हे पुढे दिसेल.

ही मांडणी लिहिण्याची आऊल नावाची भाषा २००४ साली प्रमाण ठरली. तिची दुसरी आवृत्ती २००९ ची. नियम लिहिण्यासाठी स्वर्ल नावाचा प्रस्ताव २००४ मध्येच आला. आणि २०१७ साली शॅकल नावाची तिसरी भाषा मान्य झाली. इंग्रजीत याच उच्चाराच्या शब्दाचा अर्थ बेडी. नाव ठेवणाऱ्यांना विनोद अभिप्रेत असेल. आपल्याला तो जरा वेगळा ऐकू येतो.

या भाषांमधला मूळ भेद जर ध्यानात आला नाही तर पुढचे सारे विवेचन व्यर्थ आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. आऊलमध्ये लिहिलेला नियम हा अनुमानाचा नियम असतो, शॅकलमध्ये लिहिलेला नियम हा बंधनाचा. समजा, ‘पत्नी’ या संबंधाच्या एका टोकाला पुरुष आणि दुसऱ्या टोकाला स्त्री असे आपण आऊलमध्ये लिहिले. नवख्या माणसाला वाटते की आता कोणी चुकीची नोंद केली तर यंत्र अडवील. यंत्र अडवीत नाही. हात चुकून कोणी ‘नगरपालिका – पत्नी – शांता’ असे लिहिले, तर यंत्र निमूटपणे निष्कर्ष काढते की नगरपालिका हा पुरुष आहे! नगरपालिका आणि पुरुष हे वर्ग परस्परभिन्न आहेत असे आधी कोणी लिहून ठेवले असेल तरच ते कुरकुर करते. शॅकलची रीत तालुका कचेरीतल्या कारकुनाची. तो काही निष्कर्ष काढीत नाही. साचा समोर ठेवतो, रकाने तपासतो आणि ‘हे बसत नाही’ म्हणून अर्ज परत करतो.

म्हणजे अनुमानाचा नियम माणसाला काहीतरी ठरवून टाकतो, आणि बंधनाचा नियम माणसाच्या नोंदीला दाराशी थांबवतो. आपल्या समाजाने या दोन्हींचा मार खाल्लेला आहे. परंतु दोन्ही मार एकसारखे नाहीत.

आऊल शिकायला बसलेल्या विद्यार्थ्याच्या हाती बहुधा त्या भाषेची अधिकृत प्रवेशिका पडते. मी ती एक साहित्यकृती म्हणून वाचली. उदाहरण एका कुटुंबाचे आहे. जॉन, मेरी, बिल ही पात्रे; पुरुष आणि स्त्री हे परस्परभिन्न वर्ग; स्त्री असून पालक असेल ती माता; पालकाचा पालक तो आजा किंवा आजी. कुटुंब निवडले कारण ते सर्वांना ठाऊक असते, असा लेखकांचा सरळ हिशेब असणार. तो चुकीचा नाही, पण निरागसही नाही. रक्ताच्या नात्यावरून माणसाचा वर्ग ठरवण्याची सवय विद्यार्थ्याला पहिल्याच पाठात लागते. युरोप-अमेरिकेतल्या वाचकाला त्यात फक्त आजी दिसते. आपल्याला त्या आजीच्या मागे उभी असलेली वंशावळ आणि तिच्या मागचा गावकामगार दिसतो.

स्वर्लच्या प्रस्तावातले उदाहरणही नात्याचेच: एखाद्याचा पालक, त्या पालकाचा भाऊ, तर तो ‘अंकल’. इंग्रजीला एक नियम पुरला. मराठीत बापाचा भाऊ काका आणि आईचा भाऊ मामा. दोन नियम लिहावे लागतात. भाषा आपापला समाज नियमात घेऊनच येते.

प्रवेशिकेत एक जागा मात्र मला फार मोलाची वाटली. ‘ज्याची सर्व मुले सुखी तो माणूस सुखी’ अशी व्याख्या लेखकांनी करून दाखवली आणि लगेच सावध केले, की या व्याख्येने मुले नसलेला प्रत्येक माणूस सुखी ठरतो. ‘सर्व’ म्हणताना किमान एक तरी आहे हे वेगळे लिहावे लागते. कार्यकर्त्यांनी हा पाठ भिंतीवर लावावा. ज्या ठाण्यात अत्याचाराची एकही तक्रार नोंदवून घेतली नाही, त्या ठाण्याच्या अहवालात ‘सर्व तक्रारींचा तपास पूर्ण’ हे विधान तर्कदृष्ट्या निर्दोष असते.

आता जातीकडे वळू. समजा एखाद्या तरुणाने जातीची ऑन्टॉलॉजी करायला घेतली. त्याच्या हातून पहिला नियम कोणता लिहिला जाईल? ‘ज्याच्या बापाची जी जात, त्याची ती जात.’ आजा-आजीच्या नियमाचाच हा साचा. फक्त शेवटच्या पदावर जात. एक ओळ लिहिली की हजारो माणसांच्या जाती, त्यांना न विचारता, क्षणात तयार. बहुतेक ठिकाणी यंत्राने काढलेली ही अनुमाने मूळ नोंदींच्याच गठ्ठ्यात टाकून ठेवतात, म्हणजे शोध लवकर लागतो. मग कोणते विधान माणसाने स्वतः केले आणि कोणते यंत्राने त्याच्यावर चिकटवले, हे सांगण्याची सोय राहत नाही. सहज निर्माण झालेले ते ‘आहेच’ होऊन बसते.

ही युक्ती जुनी आहे. ब्राह्मणत्व हे प्रत्यक्ष डोळ्यांना कळते, असे कुमारिलभट्टाने मांडले. अट एवढीच की पाहणाऱ्याला त्या माणसाच्या आईबापांची जात ठाऊक असली पाहिजे. म्हणजे अनुमानाने आणायचे आणि त्याला प्रत्यक्ष म्हणायचे. बौद्ध तार्किकांनी हाच सांधा पकडला. दिङ्नागाने तर वर्ग नावाची वस्तू जगात असते हेच नाकारले: ‘गाय’ म्हणजे गाय-नसलेल्यांहून वेगळे काढलेले, एवढेच. धर्मकीर्तीने जातीचा गर्व हा बुद्धी मंद असल्याच्या खुणांमध्ये मोजला. सामान्य, म्हणजे वर्गधर्म, याला न्यायशास्त्रात शब्दच मुळी ‘जाति’ असा आहे, आणि हा योगायोग मानून सोडून देण्यासारखा नाही. उदयनाचार्याने ‘किरणावली’त एखाद्या धर्माला जाति मानण्याच्या आड येणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या. त्यांतली एक ‘संकर’. दोन वर्ग काही ठिकाणी एकमेकांत मिसळतात आणि काही ठिकाणी वेगळे राहतात, असे झाले तर त्यांना खऱ्या जाति मानता येत नाही. भूतत्व आणि मूर्तत्व हे त्याचे परंपरागत उदाहरण: आकाश भूत आहे पण मूर्त नाही, मन मूर्त आहे पण भूत नाही, पृथ्वी मात्र दोन्ही आहे. वर्ग एकतर एकमेकांच्या पोटात असावेत, नाहीतर संपूर्ण वेगळे. अर्धवट मिसळण शास्त्राला खपत नाही. धर्मशास्त्रालाही ज्याची धास्ती होती तो शब्द हाच, संकर. तर्कातल्या संकरातून समाजातला संकर निघाला की उलट, या वादात मी इथे जात नाही. परंतु शब्द एक आहे आणि दोन्हीकडे तो दोषाचा आहे.

इथे आऊलविषयी एक चांगली गोष्ट सांगितली पाहिजे. त्या भाषेत मिसळण हा दोष नाही. उलट, दोन वर्ग परस्परभिन्न आहेत असे कोणीतरी मुद्दाम लिहीपर्यंत यंत्र ते मिसळू शकतात असेच धरून चालते. हीच वृत्ती नावांबाबतही. दोन नावे दिसली म्हणून दोन वस्तू असे ते मानत नाही. यातून जे घडते ते मला विलक्षण वाटते.

समजा नियम असा केला, की अपत्याला आई आणि बाप या दोघांचीही जात लागते. आणि दुसरे विधान असे, की माणसाला जात एकच असते. आता आई मांग आणि बाप ब्राह्मण अशा मुलाची नोंद करा. कारकून म्हणेल, चूक. आऊलचे यंत्र म्हणते: या मुलाला जात एकच असू शकते, नावे मात्र दोन दिसतात, तेव्हा मांग आणि ब्राह्मण ही एकाच जातीची दोन नावे आहेत! (जाणकारांसाठी: आऊलच्या ‘डीएल’ नावाच्या कडक पोटभाषेत ही दोन विधाने एकत्र लिहू देत नाहीत. स्वर्लचा नियम वापरला किंवा ‘आरएल’ पद्धतीने नियम चालवणारे यंत्र घेतले, तर हाच निष्कर्ष मिळतो.) आंतरजातीय विवाह हाच जातिनाशाचा खरा उपाय, असे बाबासाहेबांनी १९३६ च्या त्या न झालेल्या भाषणात सांगितले होते. यंत्राला ते भाषण ठाऊक नाही. पण त्याला हा निष्कर्ष टाळायला लावायचा तर माणसाने स्वतःच्या हाताने आणखी एक ओळ लिहावी लागते: ‘या जाती भिन्न आहेत.’ भेद वस्तूत नव्हता, तो लिहावा लागला.

मनुस्मृतीचा दहावा अध्याय हा या अर्थाने अशा ओळींचा संग्रह आहे. बापाचा वर्ण अमुक, आईचा वर्ण तमुक, तर संतती अमुक जातीची. एखाद्याने अनुमान-नियमांची सारणी म्हणून तो जसाच्या तसा उतरवून घ्यावा इतका तो पद्धतशीर आहे. त्यात एक कपटही आहे. बंधन मोडले तर बंधन चुकीचे असू शकते हा विचारच नाही. मोडणाऱ्याच्या संततीसाठी खाली आणखी एक वर्ग तयार करून ठेवलेला. शूद्र पुरुष आणि ब्राह्मण स्त्री यांच्या अपत्याला चांडाळ हे नाव असेच मिळाले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे जाळले गेले ते पुस्तक होते, तसाच तो एक नियमसंचही होता. आणि १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात तरुण आंबेडकरांनी जातीचे मर्म अंतर्विवाहात शोधले, तेव्हा वर्गाने आपली दारे बंद करून घेतली की त्याची जात होते, असाच त्यांच्या विवेचनाचा रोख होता.

आता एक आधुनिक नियम वाचू. १० ऑगस्ट १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाचा तिसरा परिच्छेद. हिंदू धर्माहून वेगळा धर्म पाळणारी व्यक्ती अनुसूचित जातीची सदस्य मानली जाणार नाही, असा त्याचा मूळ आशय. पंजाबातल्या काही शीख जातींचा तेवढा अपवाद. कायद्यातले ‘मानले जाईल’ आणि ‘मानले जाणार नाही’ हे शब्द मला नेहमी टोचतात. अनुमान-नियमाचे हे अगदी शुद्ध भाषिक रूप आहे. १९५६ मध्ये त्या यादीत शीख आले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली. महाराष्ट्राच्या आजच्या प्रदेशात १९५१ च्या जनगणनेत २,४८७ बौद्ध होते, १९६१ मध्ये २७,८९,५०१. या माणसांची झोपडी तीच होती, पाणवठा तोच, पाटलाचा आवाज तोच. नियमाने मात्र ती वर्गाबाहेर गेली.

पंजाबराव विरुद्ध डॉ. डी. पी. मेश्राम हा खटला याच काळातला. राखीव जागेवरून महाराष्ट्र विधानसभेवर निवडून आलेल्या मेश्रामांनी बौद्ध धर्म स्वीकारला होता. धर्म ‘पाळणे’ म्हणजे तो जाहीरपणे आपला म्हणणे, असा अर्थ करून सर्वोच्च न्यायालयाने त्यांना त्या जागेसाठी अपात्र ठरवले. आऊलच्या भाषेत हा प्रसंग सोपा आहे. ‘बौद्ध आणि अनुसूचित जाती हे परस्परभिन्न वर्ग’ अशी एक ओळ, आणि एकच माणूस दोन्ही वर्गांत. यंत्र ‘विसंगती’ असे सांगते आणि थांबते. विसंगती कोणत्या विधानामुळे आली हे ते दाखवू शकेल, पण त्यांतले खोटे कोणते हे तर्कशास्त्र सांगत नाही. माणसाची नोंद खोटी असेल, किंवा परस्परभिन्नतेची ओळ खोटी असेल. न्यायालयापुढे ती ओळ कायदा म्हणून होती, तेव्हा माणूस बाहेर गेला. महाराष्ट्राने १९६० पासून नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या, आणि १९९० साली संसदेने ‘बौद्ध’ हा शब्द त्या परिच्छेदात घातला. म्हणजे ओळ दुरुस्त झाली. धम्मदीक्षेपासून ही दुरुस्ती यायला चौतीस वर्षे लागली. मुस्लिम आणि ख्रिस्ती दलितांसाठी ती ओळ आजही तशीच आहे.

नियम लिहिणाऱ्या आपल्या तरुणांना मला जे सांगायचे आहे त्याचा गाभा या खटल्यात आहे. यंत्राने विसंगती दाखवली की हात आपोआप माणसाची नोंद पुसायला जातो, कारण ती एक असते आणि नियम सर्वांसाठी असतो. हा उलटा न्याय आहे. एका खऱ्या नोंदीपुढे सार्वत्रिक नियम पडतो, हे तर्कशास्त्राचेच म्हणणे आहे.

आऊलची आणखी एक मर्यादा इथे उघडी पडते. एकदा निघालेले अनुमान नव्या माहितीने मागे घेणे त्या भाषेला जमत नाही. माहिती वाढली की निष्कर्ष वाढतात, कमी होत नाहीत. अपवाद नावाची गोष्ट तिच्या व्याकरणात नाही. उलट, न्याय अपवादावरच जगतो. रमेशभाई दाभाई नाईका यांच्या खटल्यात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की आंतरजातीय विवाहातल्या मुलाला बापाची जात असे गृहीत धरता येईल, परंतु ते गृहीत अखेरचे नव्हे. आई दलित किंवा आदिवासी असेल आणि मूल तिच्या समाजात, त्याच समाजाचे अपमान सोशीत वाढले असेल, तर त्याला ते सिद्ध करण्याची संधी आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेला नियम याच जातीचा, आणि तो आपल्या बाजूचा: आरोपीला पीडित व्यक्तीची किंवा तिच्या कुटुंबाची वैयक्तिक माहिती होती, तर तिची जात त्याला ठाऊक होती असे न्यायालय मानेल, उलट सिद्ध होईपर्यंत. तेव्हा सगळेच नियम शत्रूचे नसतात. पण ‘उलट सिद्ध होईपर्यंत’ हे तीन शब्द आऊलमध्ये लिहिता येत नाहीत. जो कोणी ते गाळून उरलेला नियम यंत्रात घालील, तो कायद्याची नक्कल करीत नसून कायद्याचा विपर्यास करीत असेल.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, मग अनुमान नको, नुसती बंधने लिहू, शॅकल बरी. कारकुनाचा अनुभव असलेल्याने असे म्हणू नये. अनुसूचित जातीचा दाखला मागणाऱ्याकडे महाराष्ट्रात १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. २००१ पासून अमलात असलेल्या राज्याच्या कायद्यात सिद्धतेचा भार अर्जदारावर आहे. शॅकलमध्ये ही एक ओळ होईल: त्या तारखेआधीचा कागद, किमान एक. ज्यांच्या आजोबांना शाळेच्या पायरीवर उभे केले नाही त्यांच्याकडून त्या आजोबांचा शाळेचा दाखला! शिवाय आजोबांचे नाव एका कागदावर ‘महाद्या’, दुसऱ्यावर ‘महादेव’, आणि आडनाव बापाने बदललेले. कारकुनाला दोन नावे म्हणजे दोन माणसे. दोन नावांचा एकच माणूस असू शकतो, हे आऊलच्या यंत्राला जे कळते ते त्याला कळत नाही. खोट्या दाखल्यांनी आपल्याच जागा लुटल्या जातात, म्हणून तपासणी हवी, हे मला मान्य आहे. परंतु बंधन कोणाच्या घरी असलेल्या कागदावर बेतले आहे, एवढे तरी विचारायला हवे.

आणि एक फरक याहून मोठा. बंद जगात, म्हणजे कारकुनाच्या जगात, जे नोंदीत नाही ते नाही. खुल्या जगात, म्हणजे आऊलच्या जगात, जे नोंदीत नाही ते फक्त अज्ञात. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर २०१३ साली कायदा झाला. त्यात ‘हाताने मैला साफ करणारा’ या वर्गाची व्याख्या आहे, आणि व्याख्येखाली एक स्पष्टीकरण: केंद्र सरकारने अधिसूचित केलेली साधने व संरक्षक पोशाख वापरून काम करणारा या वर्गात मानला जाणार नाही. गटार आणि सेप्टिक टाकीची ‘धोकादायक सफाई’ ही त्याच कायद्यात वेगळी व्याख्या. २०२१ साली सरकारने संसदेत सांगितले, की हाताने मैला साफ करण्यामुळे एकाही मृत्यूची नोंद नाही. गटारे व टाक्या साफ करताना गेलेली माणसे सरकारच्याच उत्तरात शेकड्यांनी होती, पण ती दुसऱ्या वर्गात. यात कोणी आकडा खोटा लिहिला नाही. दोन वर्ग परस्परभिन्न धरले, रिकाम्या वर्गाची मोजणी केली आणि उत्तर शून्य आले. शून्य कसे तयार होते हे पाहायचे असेल तर आकडेवारी बाजूला ठेवून व्याख्या वाचावी.

आमच्या काही विद्यार्थ्यांनी गटारातल्या मृत्यूंच्या वर्तमानपत्री बातम्या गोळा करून त्यांची अशी मांडणी करायला घेतली, तेव्हा हे सारे प्रश्न एकेक करून समोर आले. पहिल्या मसुद्यात मालकाचे नाव आवश्यक होते. नावाशिवाय नोंद परत. बातम्यांत मालकाचे नाव क्वचितच असते, ‘ठेकेदार’ एवढेच असते. त्यामुळे निम्म्याहून जास्त मृत माणसे दारातच अडकली. एक विद्यार्थी म्हणाला, “सर, बंधन काढून टाकू.” दुसरी म्हणाली, काढले तर मालकाचे नाव कधीच कोणी विचारणार नाही. तिचे म्हणणे बरोबर होते. शॅकलमध्ये उल्लंघनाला तीन पायऱ्या आहेत: दोष, इशारा आणि नुसती सूचना. मालकाचे नाव नसणे हा इशारा केला. नोंद आत आली आणि तिच्या कपाळावर प्रश्न राहिला. विकिडेटा या मोठ्या खुल्या ज्ञानसंग्रहातली बंधनेही बव्हंशी अशीच, खटकलेले दाखवणारी पण न अडवणारी आहेत आणि त्यांत अपवाद नोंदवण्याची सोय आहे, हे नंतर लक्षात आले.

जातीच्या रकान्याबाबत वाद जास्त झाला. मृत माणसाच्या आडनावावरून जात काढणारा नियम लिहावा असे एकाने सुचवले; काम भराभर झाले असते. तो नियम आम्ही लिहिला नाही. जात हा माणसाचा गुणधर्म म्हणून न लिहिता एक स्वतंत्र विधान म्हणून लिहिली: कोणी सांगितली, कधी, कुठे, म्हणजे पोलिसांच्या कागदात, नातेवाइकांनी की बातमीदाराने. हे तीन रकाने मात्र पूर्ण बंधनाचे; ते रिकामे असतील तर जातीचे विधान परत, मृत्यूची नोंद मात्र जागेवर. आणि ‘हाताने मैला साफ करणारा’ व ‘धोकादायक सफाई करणारा’ या दोन वर्गांमध्ये परस्परभिन्नतेची ओळ घातली नाही. सरकारी वर्गीकरण वेगळ्या गठ्ठ्यात ठेवले, ‘सरकारनुसार’ अशा नावाने. यंत्राने काढलेली अनुमाने तिसऱ्या गठ्ठ्यात, मूळ नोंदींपासून दूर.

यात एक अडचण शिल्लक आहे. एकाच मृत्यूच्या तीन बातम्या तीन वर्तमानपत्रांत येतात, नाव प्रत्येकीत निराळे. खुले जग म्हणते, हा एकच माणूस असू शकेल. मोजणी करायची तर कुठेतरी ‘हे तिघे भिन्न’ किंवा ‘हे तिघे एक’ असे लिहावेच लागते, आणि तिथे कोणताही नियम चालत नाही. त्या वस्तीत जाऊन विचारावे लागते. मुले सध्या रविवारी तेच करतात.